बर्फावरची रेघ

बर्फ पहिल्यांदा जवळून पाहिला तो मोठ्या बहिणीच्या लग्नात. दर्यापूरहून मेटॅडोरमध्ये चार लाद्या आल्या होत्या, लाकडाच्या भुशात पुरलेल्या, वरून ओली बारदानं टाकलेली. मे महिना होता. मांडवाच्या लोखंडी पाइपाला हात लावला तर चटका बसायचा. लाद्या फोडणारा माणूस पंगतीच्या गडबडीत कुठंतरी गेला होता. मी बारदान सारलं, हातानं भुसा झाडला आणि तिथंच पडलेल्या एका खिळ्यानं लादीवर रेघ ओढली. आधी पांढरा कीस निघाला. मग रेघेत पाणी चढलं. मग रेघ गेली. मी पुन्हा ओढली, ती पुन्हा गेली. कुणीतरी ओरडेपर्यंत माझं तेच चाललं होतं.

आमच्याकडं बर्फ म्हणजे एवढाच. लग्नातली लादी, जत्रेतला गोळा, आणि फाल्गुनात अवचित येणारी गार. तरी गेली तीसेक वर्षं मी बर्फावरच्या एका खेळात जीव गुंतवून बसले आहे. फिगर स्केटिंग. गावात कुणाला सांगायची वेळ आली तर मी म्हणते, बर्फावरचा नाच. पण हा शब्द पुरत नाही हे मला माहीत आहे, आणि तो का पुरत नाही ते मला बाबांमुळे कळलं.

१९९४ च्या फेब्रुवारीत मी दहावीला होते आणि तालुक्याला मामाकडं राहायचे. मामाकडं नुकतीच केबल आली होती. बाबा कापसाची गाडी घेऊन आले होते. केंद्रावर गाड्यांची रांग लांबलचक, नंबर दुसऱ्या दिवशीच लागणार, म्हणून चुलतभावाला गाडीजवळ बसवून ते जेवायला आले. टीव्हीवर नॉर्वेतल्या लिलेहॅमरचं हिवाळी ऑलिम्पिक चालू होतं. ओक्साना बायुल नावाची युक्रेनची सोळा वर्षांची मुलगी फिरत होती. युक्रेन स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदाच हिवाळी ऑलिम्पिकला आला होता आणि त्याचं सुवर्णपदक हिनं नेलं. तिची आई ती लहान असतानाच वारली होती, हे मी पुढं कधीतरी वाचलं. त्या रात्री मला फक्त तिचे हात दिसत होते.

बाबा भाकर हातात धरून टीव्हीसमोर उभे राहिले. एकदा कॅमेरा खाली बर्फाजवळ गेला, तिच्या पायामागं पांढऱ्या रेघा उमटत होत्या.

"पोरगी लय साजरी फिरून राह्यली," बाबा म्हणाले. "पन ह्या खाली रेघा पडून राह्यल्या न, त्या कोन पाह्यते?"

मामा म्हणाला, "भाऊजी, रेघा कायले पाह्यतीन? उड्यांचे मार्क भेटतात."

बाबा काही बोलले नाहीत. जेवून परत गाडीवर गेले. तो प्रश्न माझ्याजवळ राहिला आणि त्याचं उत्तर मिळायला मला दहा-बारा वर्षं लागली. त्या रेघा पाहणारी माणसं होती. त्या रात्रीच्या चारच वर्षं आधीपर्यंत होती. हा खेळ ज्या नावानं ओळखला जातो ते नावच त्या रेघांचं आहे. फिगर म्हणजे आकृती, बर्फावर पायानं काढलेली.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना १८९२ मध्ये नेदरलँड्समध्ये समुद्रकाठच्या स्खेवेनिंगन गावी स्थापन झाली. पहिलं जागतिक अजिंक्यपद १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झालं. चार स्पर्धक, चारही पुरुष. जर्मनीचा गिल्बर्ट फुक्स जिंकला. चौघांची जागतिक स्पर्धा ऐकायला लहान वाटते, पण आमच्या गावचा पोळाही कधीकाळी पाच-सहा जोड्यांनीच सुरू झाला असेल.

त्याच्याही आधी जॅक्सन हेन्स नावाचा अमेरिकन माणूस होऊन गेला. त्याला बॅले येत होतं. मायदेशी त्याच्या पद्धतीला फारसा मान मिळाला नाही, म्हणून १८६० च्या दशकात तो युरोपात गेला आणि व्हिएन्नाच्या लोकांना त्यानं बर्फावर संगीताच्या तालात शरीर कसं वळतं ते दाखवलं. स्केटची पात बुटाला कायमची स्क्रूनं बसवण्याची रीतही त्याच्यापासून रूढ झाली असं मानतात. १८७५ मध्ये तो फिनलंडमध्ये वारला. तेव्हापासून या खेळात दोन ओढे आहेत. एक नाचाचा, हेन्सचा. दुसरा रेघेचा. पुढची शंभर वर्षं हे दोन्ही एकाच पात्रातून वाहत राहिले.

ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंग हिवाळी ऑलिम्पिकच्या आधीपासून आहे. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकला, ऑक्टोबर महिन्यात, छपराखालच्या कृत्रिम बर्फावर या स्पर्धा झाल्या. पुरुषांत स्वीडनचा उल्रिक साल्खोव जिंकला. आज प्रत्येक स्केटर जी 'साल्काव' उडी मारतो ती त्याच्याच नावाची. पण माझं मन अडकतं ते त्याच ऑलिम्पिकच्या दुसऱ्या एका पदकावर. 'विशेष आकृत्या' नावाची स्पर्धा होती, ती त्या एकाच ऑलिम्पिकला झाली. स्वतः रचलेल्या गुंतागुंतीच्या आकृत्या, फुलं, चांदण्या, वेलबुट्ट्या, एका पायावर तोल धरून बर्फावर कोरायच्या. रशियाचा निकोलाय पानिन जिंकला, आणि रशियाला मिळालेलं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. त्या आकृत्यांचे नकाशे मी पाहिले आहेत. दिवाळीत आमची माय अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालायची ना, तशा. फरक इतकाच की माय बसून, बोटांच्या चिमटीतून पीठ सोडत काढायची. हा माणूस उभा राहून, वेगात, सगळ्या अंगाचा भार पोलादाच्या एका धारेवर तोलून काढत होता.

बायकांचं म्हणाल तर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मॅज सायर्स नावाच्या इंग्रज बाईनं १९०२ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत नाव दिलं. नियमात बायकांना मनाई लिहिलेली नव्हती, कारण एखादी बाई येईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती पुरुषांत खेळली आणि साल्खोवच्या पाठोपाठ दुसरी आली. मग बायकांना त्या स्पर्धेत बंदी झाली. १९०६ मध्ये दाव्होसला बायकांची वेगळी स्पर्धा सुरू झाली, ती तिनंच जिंकली, दुसऱ्या वर्षीही जिंकली, आणि १९०८ चं ऑलिम्पिक सुवर्णही तिचंच. तिच्याबद्दल वाचलं की मला आमच्या मायची आठवण येते. बाबा तापानं पडले होते त्या वर्षी मृग बरसला आणि मायनं स्वतः तिफण धरली. गावात बाईनं तिफण धरू नये असा कुठं नियम नव्हता. फक्त कुणी धरली नव्हती.

आता त्या रेघेकडं येते, कारण ती जवळून पाहिल्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

स्केटच्या पात्याची जाडी चार मिलिमीटरच्या आसपास. त्याचा तळ सपाट नसतो, मधोमध लांबट खोबण असते, त्यामुळं पात्याला दोन धारा येतात, एक आतली, एक बाहेरची. अंग डावीकडं झुकलं की एक धार बर्फात बसते, उजवीकडं झुकलं की दुसरी. झुकलं की वळण आपोआप येतं. आकृत्यांच्या परीक्षेत स्केटर स्वच्छ बर्फावर उभा राहायचा, एकदाच पाय ढकलायचा आणि त्या एका ढकल्यावर, एकाच पायानं, पूर्ण वर्तुळ काढून सुरुवातीच्या जागी परत यायचा. मग पाय बदलून दुसऱ्या बाजूचं वर्तुळ. दोन मिळून आठाचा आकडा. हा इंग्रजी आठ बरं का, आपल्या ८ मध्ये वर्तुळं नाहीत. पण त्यांच्या आकृत्यांत एक वळण असं आहे की मध्येच उलटं फिरून पुढून मागं जायचं, त्याची खूण तीनच्या आकड्यासारखी उमटते, आणि तो तीन मात्र आपल्या ३ शी जुळतो. गोल काढून पुन्हा त्याच रेघेवरून जायचं. तीनदा. शाळेत पहिलीच्या पोरांना आम्ही पाटीवर अक्षर गिरवायला लावतो तसं. तिसऱ्यांदा गिरवल्यावरही बर्फावर एकच रेघ दिसली पाहिजे.

मग परीक्षक बर्फावर उतरायचे. वाकायचे. काही जण गुडघ्यावर बसायचे. वर्तुळ खरंच गोल आहे का, दोन वर्तुळांचा आकार सारखा आहे का, दोन्हींचे मध्य एका ओळीत येतात का, वळणाच्या टोकाशी पाय घसरल्याचा ओरखडा आहे का. आणि मुख्य म्हणजे, रेघ एकच आहे की जवळजवळ दोन? दोन बारीक रेघा शेजारी दिसल्या तर समजायचं की पातं सपाट पडलं होतं, दोन्ही धारा एकदम टेकल्या होत्या, अंगाचा झोक गेला होता. बर्फ ते लपवत नाही.

सराव पहाटे असायचा. प्रत्येकाला रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, एक पट्टा वाटून मिळायचा. काहींजवळ लाकडाचा किंवा धातूचा मोठा कंपास असायचा, त्यानं वर्तुळ आखून घ्यायचं आणि त्याच्यावर पाय बसवायचा. संगीत नाही, प्रेक्षक नाहीत. फक्त पात्याचा खरखर आवाज. असं रोज, वर्षानुवर्षं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यापुढं आमच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, आला.

पेरणीच्या दिवशी पहिला तास, म्हणजे तिफणीची पहिली रेघ, बाबा मारायचे. आमच्या वावरात तर मारायचेच, पण शेजारपाजारचेही लोक आदल्या सांजेला येऊन सांगून जायचे, "भाऊ, उद्या आमच्याकडं पयला तास तुमी मारून द्या." पहिला तास वाकडा गेला की त्याच्या शेजारचा वाकडा, त्याच्या शेजारचा वाकडा, सगळं वावर वाकडं. डवऱ्याचे फेरे मग पिकावरून जातात. बाबा आधी मूठभर माती उचलून दाबायचे, वाफसा पाहायचे. मग तिफणीच्या रुमण्यावर डावा हात ठेवून पलीकडच्या धुऱ्यावरच्या बाभळीकडं पाहायचे. एकदा बैल हाकलले की पायाकडं पाहायचे नाहीत, बैलांकडं नाही, फणाकडं नाही. रुमण्यावरचा भार मात्र बदलत असायचा, कडक माती आली की जास्त, भुसभुशीत आली की कमी, आणि तो बदल मागून चालणाऱ्या मायला कळायचा, तिची चाड्यावरची मूठ त्याच मापानं सैल-घट्ट व्हायची. तिकडच्या धुऱ्याला पोचल्यावरच ते वळून पाहायचे. चार-पाच माणसं इकडच्या धुऱ्यावर उकिडवी बसलेली असायची, एक डोळा मिटून तासाकडं पाहत. कुणी वाहवा करायचं नाही. "जमलं," एवढंच. आणि खरा निकाल लागायचा आठ दिवसांनी, कोंब वर आल्यावर. तेव्हा वावर ज्याला पाहता येतं त्याला आठ दिवसांपूर्वी कुणाचा हात कुठं हलला ते वाचता यायचं.

बर्फाचं आणि वावराचं आणखी एक नातं होतं, ते आता तुटलं आहे. १९५६ च्या इटलीतल्या कोर्तिनापर्यंत ऑलिम्पिकचं फिगर स्केटिंग बहुधा उघड्या आभाळाखाली चालायचं. ऊन चढलं की बर्फ मऊ, वारा सुटला की तोल कठीण. १९२८ ला सेंट मॉरिट्झला तर इतकी ऊब आली की बर्फ पाणावला आणि वेगाच्या स्केटिंगची दहा हजार मीटरची शर्यत सोडून द्यावी लागली. आभाळाकडं पाहून काम करणारी माणसं मला आपली वाटतात.

त्याच सेंट मॉरिट्झला नॉर्वेची सोन्या हेनी पंधराव्या वर्षी जिंकली. चार वर्षं आधी, १९२४ ला फ्रान्समधल्या शामोनीला, ज्याला नंतर पहिलं हिवाळी ऑलिम्पिक म्हणून मान्यता मिळाली, तिथं ती अकरा वर्षांची होती आणि आठ जणींत आठवी आली होती. मग १९२८, १९३२, १९३६ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णं, आणि १९२७ पासून सलग दहा जागतिक अजिंक्यपदं. तिच्यामुळं बायकांचे घोळदार लांब झगे आखूड झाले, खेळाला गर्दी झाली, पुढं सिनेमाही आला. पण पहिली रेघ गिरवल्याशिवाय तिलाही पुढं जाता आलं नाही, कारण तेव्हा आकृत्यांना निम्म्याहून जास्त गुण होते. १९६८ पर्यंत एकूण गुणांतले ६० टक्के आकृत्यांचे, ४० टक्के मोकळ्या स्केटिंगचे, म्हणजे संगीतावरच्या उड्या-गिरक्यांचे.

एका तारखेवर मला थांबलंच पाहिजे. १५ फेब्रुवारी १९६१. अमेरिकेचा अख्खा संघ प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघाला होता. ब्रुसेल्सजवळ विमान कोसळलं. विमानातले ७२ जण गेले, त्यांत १८ स्केटर. सोबत त्यांचे प्रशिक्षक होते, आईबाप होते, भावंडं होती. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा रद्द झाली. लोक स्केटरांचं दुःख करतात ते खरंच आहे, पण मला प्रशिक्षकांचंही तेवढंच वाटतं. ही विद्या पुस्तकात नसते. एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाते. शिकवणारा शेजारी उभा राहून खांद्याला हात लावतो, एवढ्यानं जे कळतं ते लिहून कळत नाही. ती साखळी एका सकाळी तुटली. पेगी फ्लेमिंग नावाची बारा वर्षांची मुलगी होती, तिचे प्रशिक्षक त्या विमानात होते. पुढं कार्लो फासी नावाचा इटालियन शिक्षक अमेरिकेत आला, आकृत्या शिकवण्यात त्याचा हातखंडा. त्याच्या हाताखाली तयार होऊन १९६८ ला ग्रनोबलला पेगीनं सुवर्ण जिंकलं. त्या हिवाळी ऑलिम्पिकमधलं अमेरिकेचं ते एकुलतं एक सुवर्ण.

आणि त्याच ग्रनोबलनंतर आकृत्यांना उतरती कळा लागली. कारण साधं होतं, टीव्ही. आकृत्या तासन् तास चालायच्या आणि पडद्यावर रेघ दिसायची नाही. लोक घरी बसून फक्त मोकळं स्केटिंग पाहायचे. १९७२ ला जपानमधल्या सप्पोरोला ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शूबानं आकृत्यांत इतकी आघाडी घेतली की मोकळ्या स्केटिंगमध्ये मागं पडूनही सुवर्ण तिचंच. अमेरिकेची जॅनेट लिन बसून गिरकी घेताना पडली, तशीच हसून उठली, आणि सगळा जपान तिच्या प्रेमात पडला. तिला कांस्य मिळालं. ज्यांनी फक्त टीव्ही पाहिला होता त्यांना हा निकाल अन्याय वाटला. पुढच्याच वर्षीपासून ठरलेल्या उड्या-गिरक्यांचा छोटा कार्यक्रम आला, आकृत्यांचे गुण घटले, आणि मग घटतच गेले.

मला शूबाची बाजू घ्यावीशी वाटते. लोक म्हणतात ती कंटाळवाणी होती. पण तिच्यासारखी वर्तुळं त्या काळात कुणी काढत नव्हतं, असं तिच्याविरुद्ध खेळलेल्यांनीही मानलं आहे. ज्या परीक्षेला ती बसली त्या परीक्षेत ती पहिली आली. त्यात तिचा काय दोष?

पण लगेच दुसरी मुलगी समोर येऊन उभी राहते. जपानच्या नागोयाची मिदोरी इतो. उंची जेमतेम पावणेपाच फूट, पण उडी अशी की पाहणाऱ्याचा श्वास थांबावा. १९८८ ला कॅल्गरीला आकृत्यांत ती दहावी होती. मोकळ्या स्केटिंगमध्ये तिनं उड्यांची बरसात केली, सगळं सभागृह उभं राहिलं, आणि एकूण निकालात ती पाचवी. त्याच वर्षी स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सल मारणारी ती जगातली पहिली बाई ठरली. ही उडी नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पॉल्सननं १८८२ मध्ये व्हिएन्नाला पहिल्यांदा मारली होती, तेव्हा हवेत दीड फेरी. इतोनं साडेतीन मारल्या. १९९० च्या जागतिक स्पर्धेतही आकृत्यांनी तिला मागं ओढलं आणि अमेरिकेची जिल ट्रेनरी पुढं गेली. अशी पोरगी पाहिल्यावर आकृत्यांनी तिची वाट अडवली नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

त्या १९९० च्या स्पर्धेनंतर आकृत्या संपल्या. कॅनडात हॅलिफॅक्सला, मार्च महिन्यात. शेवटची आकृती काढली ती युगोस्लाव्हियाच्या झेल्का चिझ्मेशियानं. तिचा देशही त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत नकाशावरून गेला.

माझं मत मी खूप वर्षं उलटसुलट करून पाहिलं आहे आणि ते आता पक्कं आहे. आकृत्यांचे गुण इतोच्या वाटेतून बाजूला करणं बरोबर होतं. पण आकृत्या सगळ्याच काढून टाकणं चूक होतं. त्यांचं वेगळं पदक ठेवता आलं असतं, १९०८ ला ठेवलं होतं तसं. ज्या कामाला शांतता लागते त्यालाही मैदानात एक कोपरा द्यायला हवा होता. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला काही जुन्या-नव्या स्केटरांनी आकृत्यांची स्पर्धा पुन्हा भरवायला सुरुवात केली. तिथं बर्फाखाली काळा रंग देतात, म्हणजे पांढरी रेघ उठून दिसते. काळ्यावर पांढरी रेघ. तो फोटो मी बाबांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ फोन हातात धरून बसले. "पावसाच्या अदुगरचं वावर दिसते," म्हणाले.

आकृत्या गेल्यावर निकाल पूर्णपणे नजरेवर आले. नजरेचं काय होतं ते २००२ ला सॉल्ट लेक सिटीत दिसलं. जोड्यांच्या स्पर्धेत रशियन जोडीला सुवर्ण, कॅनडाच्या जोडीला रौप्य, आणि फ्रान्सच्या परीक्षक बाईंवर दबाव होता असं बाहेर आलं. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण देऊन दोन सुवर्णं झाली. सहापैकी गुण देण्याची शंभर वर्षं जुनी पद्धत त्यातच गेली, आणि एकेका उडीला, गिरकीला, पावलाला वेगळे गुण मोजणारी नवी पद्धत आली. आकृत्यांच्या काळातही परीक्षक पक्षपात करायचे, हे खरं आहे, ओळखीच्या नावाकडं पाहून गुण द्यायचे. पण निदान रेघ तिथं पडलेली असायची. कुणीही जाऊन वाकून पाहू शकत होतं.

२०१४ च्या फेब्रुवारीत सोचीला जपानच्या एकोणीस वर्षांच्या युझुरू हान्यूनं सुवर्ण जिंकलं. सेंदाईचा मुलगा. २०११ च्या भूकंपाच्या वेळी तो रिंकवर सराव करत होता, जमीन हलली तसा पायात स्केट असतानाच बाहेर पळाला. रिंक निकामी झाली, मग गावोगावच्या कार्यक्रमांत नाचत नाचत त्यानं सराव टिकवला. चार वर्षांनी त्यानं पुन्हा सुवर्ण जिंकलं. लागोपाठ दोन ऑलिम्पिक जिंकणारा पुरुष त्याआधी डिक बटन होता, १९४८ आणि १९५२ चा.

सोचीचं ऑलिम्पिक संपलं त्या सुमाराला आमच्याकडं गार पडली. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपिटीनं जे केलं ते अजून लोक विसरले नाहीत. दुपारी चारला आभाळ काळंनिळं झालं आणि पंधरा मिनिटांत अंगण पांढरं. मी दारात उभी होते. लिंबाएवढ्या गारा. टिनावर आवाज असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. थांबल्यावर मी खाली वाकून एक गार उचलली, आत कांद्यासारखे पांढरे-पारदर्शक थर होते. इतका सुंदर बर्फ मी कधी हातात धरला नव्हता आणि इतका नकोसाही.

सकाळी बाबांसोबत वावरात गेले. सोंगणीला आलेला हरभरा मातीला मिळाला होता. घाटे फुटून दाणे चिखलात रुतले होते. बाबा धुऱ्यावर उकिडवे बसले, पेरणीच्या दिवशी बसायचे तसेच. बराच वेळ पाहत राहिले. मी काय बोलावं ते न सुचून उभी होते.

"तास दिसून राह्यले पाय," ते म्हणाले.

खरंच दिसत होते. झाडं मोडून आडवी झाली होती, पण खोडकी एका ओळीत उभी होती, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. त्यांनी तिफणीनं पेरलेलं ते शेवटचं वावर. पुढच्या हंगामापासून ट्रॅक्टरच आला. एका दिवसात सगळं पेरून होतं, पाठदुखी नाही, बैलांचा खर्च नाही, आणि माझ्या भावाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पहिला तास मारायला मात्र आदल्या सांजेला कुणी दारात येत नाही.

भावाची मुलगी नऊ वर्षांची आहे. तालुक्याला सिमेंटच्या कोर्टवर चाकांचं स्केटिंग शिकते. शिमल्याला १९२० पासून नैसर्गिक बर्फाची रिंक आहे, तिथं तिला एकदा न्यायचं माझ्या मनात आहे, पण आज तिच्याजवळ चाकं आहेत आणि चाकांवर तिचा जीव आहे. या दिवाळीत ती गावी आली आणि मी तिला एक गोष्ट सांगितली जी तिला ठाऊक नव्हती. बर्फावरून गेलेल्या आकृत्या चाकांच्या स्केटिंगमध्ये अजून जिवंत आहेत. स्पर्धा होतात. फरशीवर सहा मीटर व्यासाची वर्तुळं रंगवलेली असतात आणि त्यांच्या रेघेवर चाकं ठेवून, एका पायावर, जायचं असतं.

"आत्या, आपल्या कोर्टवर तर वर्तुळंच नाहीत," ती म्हणाली.

बाबा खाटेवर पडून ऐकत होते. उठून आत गेले, बैलांच्या जुन्या सामानातली सुताची दोरी घेऊन आले. सहा मीटरचं निम्मं तीन मीटर, त्यांनी हातावर मोजली, साडेसहा हात. टोकाला खडू बांधला. आम्ही तिघं मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात गेलो, तिथली फरशी गुळगुळीत आहे. दोरीचं एक टोक मी मधोमध अंगठ्याखाली दाबून बसले. बाबा वाकले. अठ्याहत्तराव्या वर्षी वाकायला त्यांना वेळ लागतो. दोरी ताणून, खडू टेकवून, उलटं चालत त्यांनी सगळा गोल घातला, आणि रेघ जिथून निघाली होती तिथंच येऊन मिळाली. मग त्याला चिकटून दुसरा गोल, तेव्हा मी उठून दुसऱ्या जागी बसले.

पोरगी चाकं बांधून मध्ये उभी राहिली. एक ढकला, डावा पाय वर. अर्ध्या वर्तुळापर्यंत बरी गेली, मग खाली पाहिलं आणि पाय टेकला. चाकांना खडू लागला होता, त्यामुळं बाबांच्या रेघेच्या बाजूनं आत सरकत गेलेली एक फिकी रेघ फरशीवर उमटली होती. बाबा तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. एक डोळा मिटला. ती रेघ जिथं सुटली त्या जागेवर बोट ठेवलं.

"इथून गेली पाय तुही रेघ. इथं तू खाली पाह्यलं."

"आबाजी, मग कुठं पाहू?"

त्यांनी मान वर करून मंडपात इकडं तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं बोट केलं. मी दोरीचं टोक दाबून तिथंच बसले होते.

"आत्याकडं पाय. पायाकडं नोको पाहू."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पाय ढकलला. चाकांचा आवाज माझ्या डाव्या कानाकडून पाठीमागं गेला.